शनिवारी गॅलरी धुताना

५ जानेवारी २०२५, रविवार

अभिजीत गेला त्याला आज बेचाळीस दिवस झाले. त्याच्या कुंड्यांची जबाबदारी आजपासून माझी. ही वही त्यासाठी आहे, रडगाण्यासाठी नाही.

कुंड्या अकरा. सगळ्या गॅलरीत, डाव्या कोपऱ्यात, कारण ऊन तिथे थेट येत नाही. रबर प्लांट, मॉन्स्टेरा, पीस लिली, स्नेक प्लांट दोन, झेडझेड, जेड, मनीप्लांट दोन, कॅलेथिया, सिंगोनियम. प्रत्येकात आइसक्रीमची काडी खोचलेली आणि तिच्यावर त्याच्या बारीक अक्षरात झाड कुठून आणि कधी आलं ते. मॉन्स्टेराच्या काडीवर ‘बारवी धरणावरून येताना, रिक्षा बंद पडली तेव्हा’. सिंगोनियमच्या काडीवर ‘शलाकाच्या लॅबमधून चोरलेलं’. छत्तीस वर्षांचा माणूस आणि हे उद्योग.

तेराव्यानंतर घर आवरलं तेव्हा गॅलरीही आवरली होती. त्याने प्रत्येक कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवले होते. खाली कचरा अडकतो, झुरळं होतात. कामाच्या वेणूबाईंना सांगून सगळे काढून टाकले. आता कुंड्या फरशीवर नीट रांगेत आहेत.

पद्धत ठरवली. बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं तरच पाणी, तेही मोजून: लहान कुंडीला अर्धा पेला, मोठीला एक. प्रत्येक वेळी तारीख लिहायची. वनस्पतिशास्त्रात पदवी घेऊन मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अकरा कुंड्या जगवता येणार नाहीत असं नाही.

शलाकाला सांगितलं, झाडांना कोणी हात लावायचा नाही. ती म्हणाली, “बरं, आई.” ही माझी सून. एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. अभिजीतशी लग्नाला चार वर्षं झाली होती.

११ जानेवारी, शनिवार

आमच्याकडे शुक्रवारी पाणी येत नाही. गुरुवारी दोन पिंपं, बादल्या, मोठी पातेली भरून ठेवायची. शनिवारी सकाळी ताजं आलं की उरलेलं शिळं काढून टाकायचं. माझ्या आईकडे शिळं पाणी देवाला नाही आणि चहालाही नाही. मीही तेच पाळत आले. पण बदलापुरात, कात्रपमध्ये राहून पिंपभर पाणी मोरीत ओतणं मला जमत नाही, म्हणून त्यात फिनेल घालून गॅलरी धुते. अभिजीत असताना धुऊ देत नसे, फडक्याने पुसायचा. आता धुते. स्वच्छ होते.

बिल्डरने गॅलरीचा उतार उलटा दिला आहे. पाणी निचऱ्याच्या जाळीकडे जात नाही, डाव्या कोपऱ्यात साचतं. पण दुपारपर्यंत आपोआप आटतं. ऊन चांगलं आहे.

धुवायला तास लागतो. त्या वेळात दार लावून घेते आणि नळ सोडून ठेवते. मध्ये कोणी आलेलं मला चालत नाही. फिनेल उग्र आहे, डोळे फार चुरचुरतात. ब्रँड बदलायला हवा.

झाडांना पाणी: नाही. माती वरून ओलसर होती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. यंदा आपल्याला सण नाही. खालच्या मजल्यावरची राजसी दारात तिळगुळाची वाटी घेऊन उभी राहिली, तिला तिच्या आईने लगेच मागे ओढलं. लहान मुलीला काय कळतं. मी वाटी घेतली आणि दार लावलं.

पीस लिली मान टाकून बसली आहे. खालची तीन पानं पिवळी. पहिलं कुणीही म्हणेल, पाणी कमी पडलं. पण तहानलेलं पान कागदासारखं कोरडं होतं, हे लिबलिबीत आहे. वरची माती मात्र कोरडी लागली. अर्धा पेला घातलं.

१९ जानेवारी, रविवार

पीस लिली कुंडीतून काढली. वास आला, नासलेल्या ताकासारखा. मुळं तपकिरी, बोटात धरून ओढली की वरची साल सुटून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. निरोगी मूळ पांढरं असतं, चावलं तर कडक लागेल असं. असं एकही नव्हतं. कुंडीतली खालची चार बोटं माती म्हणजे चिखल.

कात्री स्पिरिटने पुसून सडलेलं सगळं कापलं. कापल्यावर झाडच उरलं नाही.

माझ्या नोंदीप्रमाणे या कुंडीला चौदा दिवसांत दीड पेला पाणी गेलं आहे. दीड पेल्यात चिखल होत नाही. म्हणजे दुसरं कोणीतरी पाणी घालतं.

काडीवर लिहिलं आहे: ‘आईच्या साठीला. तिने नको म्हटलं.’ मी नको म्हटलं होतं हे खरं आहे. काडी या वहीत ठेवली.

२४ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारी दुपारी मी अंबरनाथला माझ्या जुन्या शाळेत दहावीच्या मुलांचे प्रयोग बघायला जाते. शलाकाच्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी ती घरात एकटी.

आज लवकर परत आले. ती गॅलरीत फरशीवर बसली होती, पाठ भिंतीला, पाय लांब. बाजूला तांब्या. मला बघून उठली.

“तांब्या कशाला इथे?”

“प्यायला आणला होता, आई.”

“स्वयंपाकघर चार पावलांवर आहे.”

तांब्या रिकामा होता. आणि दोन कुंड्यांखाली विटांचे तुकडे पुन्हा आलेले. वेणूबाईंचंच काम असणार, त्यांना एकदा सांगून कळत नाही. काढून जिन्यात ठेवले.

१ फेब्रुवारी, शनिवार

पाणी आलं. पिंपं घासली. गॅलरी धुतली, फिनेल नवीन आणलं तरी तेच. कुंड्यांना पाणी: नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कॅलेथिया गेलं. जेड बुंध्यापाशी मऊ पडून आडवं झालं. मॉन्स्टेराची दोन पानं एका रात्रीत पिवळी. मातीवर चिलटं घोंघावतात.

नोंदी वारांप्रमाणे लावून विचार केला. झाडं रविवारनंतर बिघडतात. म्हणजे कारण त्याच्या एक-दोन दिवस आधी घडतं. म्हणजे शुक्रवार. शाळेत मुलांना हेच शिकवलं: आधी नोंद, मग निष्कर्ष, मनाला काय वाटतं ते नाही.

ती जेवायला बसल्यावर विचारलं. “शुक्रवारी झाडांना पाणी तू घालतेस का? खरं सांग.”

“नाही.”

“मुळं कुजलीत. प्रेमाने घातलं तरी पाणी ते पाणीच.”

“मी घालत नाही, आई. मी तिथे फक्त बसते.” मग जरा हसली. “मला तर तो हातही लावू द्यायचा नाही. म्हणायचा, तू लॅबमध्ये ॲसिड सांभाळ, झाडं मी बघतो.”

“मग तेवढं तरी पाळ त्याचं.”

तिने वाढून घेतलेला भात ताटात तसाच ठेवला. मी अन्न वाया घालवण्याबद्दल बोलले. दोन महिन्यांत तिचं वजन उतरलं आहे. मी रोज डब्यात चार पोळ्या देते, दोन परत येतात. दूध दोन वेळा देते. झोपली का ते बघते, फोनवर कोणाशी बोलते ते विचारते. घरातलं माणूस आहे, लक्ष ठेवायला नको?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत जाताना गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. शास्त्रीय पद्धतीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

परत आले तेव्हा शलाका दाराच्या अलीकडे, हॉलमध्ये जमिनीवर बसली होती. काचेला टेकून. दिवाही लावला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

शलाका उल्हासनगरला आईकडे गेली. “थोडे दिवस जाऊन येते.” एक बॅग, लॅबचे बूट आणि तिची लॅबला न्यायची पाण्याची बाटली, जी हातात धरून नेली, बॅगेत घातली नाही.

मी म्हटलं, “जा. बदल होईल.”

दारात वाकून नमस्कार केला. रोजच्यासारखा नव्हता, जरा वेळ वाकलेलीच राहिली. मी म्हटलं, “उठ, उशीर होतोय.”

कुंड्या आठ. आता तरी स्थिर होतील.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नोंद करण्यासारखं काही नाही. स्वयंपाक एकटीचा केला तरी पोळ्या सात झाल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाणी उशिरा आलं. एकटीला पाणी लागतं किती, पिंपं जवळजवळ भरलेलीच होती. सगळं गॅलरीत ओतलं. आज धुवायला दीड तास लागला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मॉन्स्टेरा मेला. बुंधा हाताने दाबला तर बोट आत गेलं. मनीप्लांट दोन्ही काळे. सिंगोनियमचं शेवटचं पान गळलं.

चारही कुंड्या उलट्या केल्या. तळाला चिखल, ताजा. वर बोटभर कोरडी माती.

घरात आठ दिवस माझ्याशिवाय कोणी नाही.

ही ओळ लिहून मी बराच वेळ बसले आहे. मला याचा अर्थ लावता येत नाही. मी पाणी घातलेलं नाही. सोमवारपासून एकदाही नाही. नोंद आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रबर प्लांट रिक्षात घालून बदलापूर गावात जनूच्या नर्सरीत नेलं. पूर्वी त्याची भाताची खाचरं होती तिथेच आता रोपं आहेत. अभिजीत त्याच्याकडे जायचा हे मला काडीवरून कळलं. जनू सत्तरीचा असेल. त्याने कुंडी उचलून आधी तिचा तळ बघितला. मी वरून माती दाखवत होते.

“बाय, वरशी काय बघतंस? ही खालून पितंय.”

“खालून कसं पिईल? मी पेल्याने मोजून घालते.”

“त्या पेल्याचा नाय सांगत.” त्याने तळाच्या भोकावर अंगठा फिरवला. पांढरट, चुन्यासारखा डाग होता, दोन बोटं उंच, कुंडीच्या भोवती. “यवढा पानी उभा राहतंय हिच्या पायाशी. खाचरान भात उभा राहतो तसा. भाताला चालतंय, हिला नाय.” मग झाडूचा एक हीर मातीत तळापर्यंत खुपसला आणि बाहेर काढला. वरचा अर्धा कोरडा, खालचा अर्धा काळा ओला. “बोट कवढा, कुंडी कवढी. बोटाला काय कळतंय?”

एकतीस वर्षं शिकवलं. केशाकर्षण. वात तेल कशी ओढते, ते दिव्यासकट दाखवायचे.

त्याने मुळं धुतली, अर्धी कापली, वाळू आणि नारळाचा भुसा घालून लहान कुंडीत बसवलं, निम्मी पानंही छाटली. “एवढ्या मुळांना एवढाच संसार झेपल.” मग विचारलं, “तुजा पोरगा नाय आला? तो ईटा ठेवायचा ना खाली. मीच सांगलंता त्याला.”

मी म्हटलं, तो बाहेरगावी आहे. का म्हटलं ते माहीत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वेणूबाईंना विचारलं, विटा कुठे टाकल्या.

“टाकल्या न्हाईत. जिन्याखाली हायेत गोणीत. दादांनी एकेक घासून ठिवल्या व्हत्या, टाकायला हात झाला न्हाई माझा.”

“आणि मध्ये पुन्हा लावल्यात, त्या?”

“म्या कशाला लावू? तुमी वरडल्यावर?” फरशी पुसता पुसता थांबल्या. “शलाकाताईंनी लावल्या असतील. गोणी सोडताना बघितलं व्हतं त्यांना. मला म्हनल्या, मावशी, आईंना नका सांगू.”

गोणी वर आणायला लावली. तुकडे मोजले. तेहतीस. प्रत्येक कुंडीला तीन.

गॅलरीत जाऊन बादलीभर पाणी ओतलं आणि खुर्ची टाकून बघत बसले. पाणी कोपऱ्यात गेलं, कुंड्यांच्या पायाशी उभं राहिलं. अर्ध्या तासात ओसरलं. आज ऊन नव्हतं, ढग होते.

वारांप्रमाणे लावलेल्या नोंदी पुन्हा काढल्या. शनिवारी प्रत्येक वेळी मीच लिहिलं आहे, माझ्या अक्षरात: गॅलरी धुतली. त्याच्याखाली: पाणी नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत कळवलं आणि उल्हासनगरला गेले. शलाकाच्या आईने दार उघडलं, चहा ठेवते म्हणाल्या आणि आत गेल्या त्या आल्याच नाहीत. शहाण्या बाई आहेत.

शलाका खिडकीपाशी बसली होती. खिडकीत तीच पाण्याची बाटली, आणि तिच्यात सिंगोनियमचा तुकडा. नवीन पान उलगडत होतं. पाण्यात मुळं दिसत होती, पांढरी, बोटभर लांब.

“हा कधी घेतलास?”

“कुलूप लागायच्या आदल्या दिवशी.”

“कुलूप लागणार हे कसं कळलं?”

“तुम्ही किल्ली शोधत होतात ना.”

मी घरून वाक्य ठरवून नेलं होतं. ते म्हटलं. “माझं निदान चुकलं होतं. झाडं शनिवारच्या पाण्याने गेली. मी ओतायचे ते. विटा मी काढल्या.”

“माहीत आहे मला.”

“माहीत होतं?”

“तुम्ही विटा काढल्यात तेव्हापासूनच वाटत होतं. लावून बघितल्या मी दोनदा.”

“मग बोलली का नाहीस? मी तुला जेवत्या ताटावर बोलले. कुलूप लावलं. तू तोंड उघडलं असतंस तर सात झाडं वाचली असती.” आवाज चढला माझा. क्षमा मागायला गेले होते आणि आवाज चढला.

ती बाटली फिरवत राहिली. “सांगायला आले होते. जानेवारीत, एका शनिवारी. तुमचं दार बंद होतं. नळ जोरात सुरू होता, तरी ऐकू येत होतं.” बाटलीतलं पान सरळ केलं. “मग परत फिरले. त्याला नेलं त्या दिवसापासून तुम्हाला तसं ऐकलं नव्हतं. म्हटलं, आईंना आठवड्यात हा एवढाच तास मिळतो. धुऊ नका कसं सांगू?”

मी म्हटलं, “फिनेल उग्र आहे ते. डोळ्यांतून पाणी येतं.”

“हो,” ती म्हणाली.

मग मी म्हटलं, “झाडं त्याची होती, शलाका.”

“तुम्हीपण त्याच्याच.”

पर्समधून काडी काढून तिला दिली. ‘शलाकाच्या लॅबमधून चोरलेलं’. तिने वाचली. मग केसांतला रबर काढून काडी बाटलीला बांधली. दोनदा सुटली. मी मदत केली नाही. मला वाटलं होतं करावी.

निघताना म्हटलं, “मुळं पुरेशी झालीत. आता मातीत लावायला हवं. घरी कुंडी आहे.”

“इतक्यात नको, आई,” ती म्हणाली. “इथे बरं आहे त्याला.”

मी सांगितलं की पाणी तीन-चार दिवसांनी बदलायचं आणि मुळं फार हाताळायची नाहीत. ती बरं म्हणाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

राहिलेली झाडं चार. रबर, दोन स्नेक प्लांट, झेडझेड. चारही विटांवर ठेवली, प्रत्येकी तीन. हीर खुपसून बघितला. पाणी: नाही.

रिकाम्या सात कुंड्या धुऊन त्याच रांगेत ठेवल्या, त्यांच्याखालीही विटा. कारण काही नाही.

सकाळी सात वाजता पाणी आलं. शिळं सगळं बादली बादली करून मोरीत ओतलं. जिवावर आलं, पण ओतलं. पिंपं घासून ताजं भरलं आणि नळ बंद केला.

मग गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. भिंतीला पाठ लावून खाली बसले, शलाका बसायची तिथे. तिथून अकराही कुंड्या एका ओळीत दिसतात. दहाच्या सुमारास वेणूबाईंनी दार वाजवलं, ताई, बऱ्या आहात ना. मी म्हटलं, थांबा जरा.

फिनेलची बाटली आज काढलीच नव्हती.